फुसाए म्हणजे मीच

१ जानेवारी

नवं वर्ष, नवा निश्चय. यंदा अर्थमंत्री व्हायचंच. साधा मंत्री नाही, अर्थमंत्री. त्यासाठी साके पिणे कमी करणे, रोज जिना चढणे-उतरणे (मॉर्निंग कोटाचं बटण लागलं पाहिजे) आणि इसोगाइदादांच्या विनोदाला सर्वांच्या आधी हसणे.

दादा आमच्या गटाचे मालक. पक्षात एकूण गट किती हे पक्षालाही माहीत नाही, पण मंत्रिपदं वाटायच्या दिवशी सगळे बरोबर उगवतात. आठ वेळा निवडून येऊन एकदाही मंत्री न झालेला आमच्या गटात मी एकटाच. माझ्यामागून आलेली पोरं मंत्री झाली, घोटाळ्यात सापडली, सुटली आणि परत मंत्री झाली. लोक हळहळतात. मला खात्री आहे, दादा मला मोठ्या कामासाठी राखून ठेवतायत. लोणचं मुरायला वेळ लागतो.

कपाटावर लाल दारुमा बसलाय. नवस बोलताना बाहुल्याचा एक डोळा रंगवायचा, नवस फळला की दुसरा. माझ्याकडे तो अकरा वर्षं एकाच डोळ्याने बघतोय. फुसाए धूळ पुसताना म्हणाली, अहो, बिचाऱ्याच्या त्या डोळ्याला एव्हाना चष्मा लागला असेल. बायकोला राजकारण कळत नाही.

९ जानेवारी

मतदारसंघातून आरुगाआजोबांचा ट्रंक कॉल, सोयाबीनचा मिसो विकणाऱ्या. माझ्या समर्थक मंडळाचे अध्यक्ष. माणूस सोन्यासारखा, तोंड मिरचीसारखं. म्हणाले, खालच्या आळीतल्या सुताराचा बाप गेला, तुम्ही आलं पाहिजे. मयताला खांदा दिल्याशिवाय मत मिळत नाही, एवढं तुमच्या वडिलांना कळत होतं. मी म्हटलं, आजोबा, देशाचा प्रश्न आहे. पंतप्रधानांकडून फोन कधी येईल सांगता येत नाही, तोक्यो सोडता येत नाही. फुसाएला पाठवतो. म्हणाले, मग ठीक आहे, तीच बरी.

म्हाताऱ्यांचा फुसाएवर लोभ आहे. माझ्यामुळे.

तिला निघताना बजावलं, जाशील तिथे माझं नाव घेत जा. मतदाराला कोऱ्या कागदावर उमेदवाराचं नाव आपल्या हाताने लिहावं लागतं, आणि वडिलांनी माझं नाव ठेवलं त्सुनेकिचि. त्याच्याआधी आडनाव कुरुमिझावा. म्हातारी माणसं अर्ध्यात दमतात. एकदा एकाने मध्येच थांबून खाली लिहिलं होतं, बाकीचं समजून घ्या.

२ फेब्रुवारी

जिना. सात पायऱ्या. गुडघा.

३ फेब्रुवारी

गुडघा.

११ मार्च

जिना वेगळ्या अंगाने सुरू केला. नवे मंत्री पंतप्रधानांच्या निवासातल्या जिन्यावर मॉर्निंग कोटात उभे राहून फोटो काढतात. पुढच्या रांगेत वजनदार खाती. अर्थमंत्री पंतप्रधानांच्या अगदी जवळ. पण आमचे कित्येक लोक त्या फोटोत तोंड उघडं टाकून उभे असतात, कारण सराव नसतो.

घरचा जिना अरुंद. म्हणून सेक्रेटरी मोरोझुमिला घेऊन मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये गेलो. तिथे एकच रुंद जिना, तोही सरकता. पायरीवर उभा राहिलो, छाती पुढे, हनुवटी आत, नजर देशाच्या भवितव्याकडे. मोरोझुमि खालून कॅमेऱ्यात बघत होता आणि मी त्याच्यापासून वर वर चाललो होतो. शेवटी मी खेळण्यांच्या विभागात पोहोचलो. एक बाई मला विचारू लागल्या, लहान मुलांच्या सायकली कुठे आहेत.

मोरोझुमि म्हणतो, साहेब, प्रगती जोरात आहे, फोटो मात्र आला नाही. चेहरा सरळ ठेवून बोलतो, त्यामुळे चेष्टा करतो की काय ते कळत नाही. बहुधा नाही.

२० एप्रिल

फुसाए गावीच आहे. दोन मयतं, एक बारसं, एक शेतकी संघाची सभा. पत्रात लिहिते, किमोनोचा काळा रंग उडायला लागलाय. तिला लिहिलं, थोडी कळ काढ. मंत्री झालो की नवा घेऊ.

मे, अखेर

दादांनी विनोद सांगितला. सर्वांच्या आधी हसलो. विनोद अजून संपला नव्हता.

१४ जून, सकाळ

आज मंत्रिमंडळ बदलणार! फुसाएला मुद्दाम गावाहून बोलावून घेतलं. मासेवाल्याने नेहमीप्रमाणे शुभशकुनाचा अख्खा ताइ मासा पाठवलाय, शेपटीला लाल फीत. मागच्या वेळी फोन आला नाही आणि आम्ही दोघं तो मासा चार दिवस खात होतो. यंदा तसं होणार नाही.

कोट हँगरवर. फोन टेबलावर, खाली रेशमी उशी. लोक देव पाण्यात घालून बसतात, मी दारुमा फोनशेजारी आणून ठेवलाय. घरात कुणीही फोनला हात लावायचा नाही, असा हुकूम काढला. मोरोझुमिच्या बायकोचे दिवस भरलेत. त्याला म्हटलं, तिला सांग, संध्याकाळपर्यंत थांब.

दुपार

फोन नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी मधून मधून रिसीव्हर उचलून बघतो. आवाज येतो. म्हणजे यंत्र ठीक आहे. पुन्हा उचलून बघितलं. ठीक आहे.

बातमीदार आले होते, दोघं. सुशी खाऊन गेले.

संध्याकाळ

अर्थमंत्री! अर्थमंत्री!! अर्थमंत्री!!!

दादांनी शेवटी टॅक्सीने माणूस पाठवला. तो दारातूनच ओरडला, अहो कुरुमिझावासाहेब, दुपारपासून तुमचा फोन एंगेज आहे, कुणाशी गप्पा मारताय? मी रिसीव्हर हातात घेऊन उभा होतो.

दादांना भेटलो. म्हणाले, अर्थखात्यावरून दोन गट जिवावर उठले होते. याचा माणूस त्याला नको, त्याचा याला नको. मग मी तुझं नाव टाकलं. दोघांनी विचारलं, हा कोण? म्हटलं, झालं, हाच.

म्हणजे सर्वसंमती. असं भाग्य फार थोड्यांना लाभतं.

कोट लागेना. लढाई संपल्यावर शिवलेला, तेव्हा सगळा देश उपाशी होता आणि मी हाडांचा सापळा. राजवाड्यात शपथेला जायचं आणि बटण आणि काज यांच्यात वीतभर अंतर! फुसाएने कपाटातून आपला मयताचा काळा किमोनो काढला, आतल्या बाजूची पट्टी कापली आणि कोटाच्या पाठीत जोडली. बटण लागलं. श्वास मात्र विचार करून घ्यावा लागतो.

निघताना म्हणाली, अहो, त्यात कितीतरी जणांची मयतं आहेत, नीट वागा.

१६ जून

आरुगाआजोबा मंडळी घेऊन तोक्योला आले. शाई, ब्रश, बातमीदार, सगळी तयारी. दारुमाचा दुसरा डोळा रंगवायचा होता. मी ब्रश उचलला, आणि त्या क्षणी मला जाणवलं: अर्थमंत्री हा काही शेवट नव्हे. गेले किती पंतप्रधान आधी अर्थमंत्री होते! ब्रश खाली ठेवला आणि जाहीर केलं, हा डोळा आता पंतप्रधान झाल्यावर.

टाळ्या झाल्या नाहीत. भावना अनावर झाल्यावर होत नाहीत.

आजोबा म्हणाले, नवस फेडायच्या वेळी नवस बदलू नये. उद्या तो म्हणाला, मीही माणूस बदलतो, तर? मी हसलो. जुनी पिढी.

फुसाए मंडळींबरोबर गावी गेली. कुणाचा तरी सासरा.

३ जुलै

अर्थखातं. दालन प्रशस्त, खुर्चीत पाय टेकत नाहीत. मुख्य सचिव कुसाकाबे अत्यंत हुशार, अत्यंत बारीक, अत्यंत नम्र. त्यांना माझा आर्थिक सिद्धान्त समजावला: अर्थव्यवस्था म्हणजे लोणच्याचं पिंप. वर दगड हवा. दगड हलका तर लोणचं बुळबुळीत, जड तर पाणी सुटतं. योग्य दगड म्हणजेच अर्थमंत्री. कुसाकाबेंनी सगळं टिपून घेतलं आणि म्हणाले, साहेब, हे विचाराधीन ठेवूया.

सुंदर शब्द आहे. 'नाही' न म्हणता नाही म्हणता येतं आणि समोरचा वाकून नमस्कार करून जातो.

१९ जुलै

समितीत उत्तरं देण्याची कुसाकाबेंची पद्धत. ते माझ्या मागे बसतात. एकदा खोकले तर 'होय'. दोनदा खोकले तर 'विचाराधीन आहे'. तीनदा खोकले तर बसायचं. इतकी सोपी. मला वाटलं होतं खातं चालवणं अवघड असतं.

८ सप्टेंबर

कुसाकाबेंना सर्दी.

९ सप्टेंबर

काल लिहायची ताकद नव्हती. समितीत मी उठत होतो, बसत होतो, होय म्हणत होतो, विचाराधीन म्हणत होतो, पुन्हा उठत होतो. त्यांना शिंक आली तेव्हा काय करायचं हे ठरलंच नव्हतं, म्हणून मी नुसता वाकलो. त्या गडबडीत एका बोगद्याला होकार गेला. नंतर कळलं, बोगदा आमच्या डोंगरात नाही, पलीकडच्या खोऱ्यात आहे, जिथे मला कुणी मत देत नाही.

आरुगाआजोबांचा फोन. अर्थमंत्री आपल्या गावचा आणि बोगदा दुसऱ्याच्या! आम्ही काय डोंगराला वळसाच घालायचा? त्यांना सांगितलं, राष्ट्रीय नेत्याने आपल्या गावाचं बघायचं नसतं. म्हणाले, तसंही तुम्ही कधी बघितलं नाही, फुसाएबाई बघतात.

ऑक्टोबर, एक रविवार

कोट रोज घालतो. बाकीचे मंत्री साध्या सुटात येतात. मोरोझुमि म्हणतो, साहेब, मॉर्निंग कोट समारंभाला असतो. त्याला म्हटलं, माझ्यासाठी रोजच समारंभ आहे.

२७ नोव्हेंबर

आजचा दिवस इतिहासात जाईल. शांतपणे लिहितो.

अर्थसंकल्प समिती. विरोधी पक्षाचे उगाइ उभे राहिले. जाड चष्मा, बारीक आवाज. म्हणाले, मंत्रिमहोदय वाढ झाली, वाढ झाली म्हणतात. आमच्या भागात बायका अर्धं पोट ठेवून पोरांना वाढतात. ही वाढ आहे तरी कुठे? दाखवा!

कुसाकाबे दोनदा खोकले. पण माझ्यात काहीतरी उसळलं. पाच महिने दुसऱ्याच्या खोकल्यावर बोलत होतो. कागद बाजूला ठेवला आणि उभा राहिलो. म्हटलं, कुठे आहे विचारता? इथे आहे! आणि पोटावर हात ठेवला. लढाई संपली तेव्हा हा कोट मला ढगळ होता. आज बघा! देशाची वाढ बघायची असेल तर या बटणाकडे बघा!

कुसाकाबे तीनदा खोकले. मग सहादा. मी छाती भरून श्वास घेतला.

बटण सुटलं. सरळ गेलं आणि उगाइंच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर बसलं. काच तडकली. सभागृहात असा आवाज झाला की मला वाटलं टाळ्या आहेत.

२८ नोव्हेंबर

सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर! फोटोसकट. एकात पोटाचा वेगळा फोटो. विरोधी पक्ष म्हणतो, अर्थमंत्र्यांनी भुकेल्यांची थट्टा केली आणि वर हल्ला केला. बहिष्कार टाकलाय. आमच्यातले दोन गटही म्हणतात, या माणसाला आम्ही ओळखत नाही. जूनमध्ये हेच म्हणून त्यांनी मला निवडलं होतं. आता सोयीने विसरले.

फुसाएने फोन केला. तिला बातमी कळली होती. फक्त विचारलं, अहो, शिवण उसवली का?

उगाइंना चष्मा पाठवायला मोरोझुमिला सांगितलं. म्हणाला, बाईंनी कालच पाठवला.

१९ डिसेंबर

पंतप्रधान सभागृह बरखास्त करणार. माझ्यावर अविश्वासाचा ठराव आला तर पास होईल, म्हणून त्याआधीच. पेपरांनी या बरखास्तीला आतापासूनच नाव दिलंय: बटण-बरखास्ती. बरखास्त्यांना नावं पडतातच, पण एका मंत्र्याच्या अंगावरच्या वस्तूचं नाव? मोरोझुमिला विचारलं, असं पूर्वी कधी झालंय? म्हणाला, नाही साहेब, आजवर कुणाचं बटण एवढं लांब गेलं नव्हतं.

२० डिसेंबर

सभागृह खच्चून भरलेलं. रीत अशी: जांभळ्या रेशमात गुंडाळलेला हुकूम आत येतो, सभापती तो वाचतात, 'बरखास्त करण्यात येत आहे' हे शब्द पडले की सगळे हात वर करून तीनदा बान्झाई, म्हणजे चिरायु होवो, असं ओरडतात. पाचशे माणसांची नोकरी एका वाक्यात जाते आणि पाचशे माणसं आनंदाने ओरडतात. का, ते कुणी विचारत नाही.

माझा निश्चय होता की पहिला आवाज माझा. ज्याच्या बटणाने हा दिवस आणला त्याचा मान. दार उघडलं, जांभळं रेशीम दिसलं, आणि मी दोन्ही हात वर करून ओरडलो. बान्झाई! बान्झाई! बान्झाई!

एकटाच.

सभापती अजून उभेही राहिले नव्हते. चष्मा पुसत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जांभळ्या रेशमाकडे बघितलं आणि पुन्हा चष्मा पुसायला लागले. पुढे त्यांनी हुकूम वाचला, सगळे ओरडले, तेव्हा मला हात वर करता येईनात. काखेत दोन्हीकडे कोट फाटला होता.

बाहेर मोरोझुमि म्हणाला, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. हे पहिल्यांदाच त्याने चेहरा सरळ न ठेवता म्हटलं.

२३ डिसेंबर

प्रचाराची योजना पक्की. माझ्यासारखा राष्ट्रीय नेता एका खोऱ्यात अडकून चालणार नाही. मी देशभर फिरून दुसऱ्या उमेदवारांसाठी भाषणं करणार. गावाकडची जागा काय, नवव्यांदा माझीच. तिथे फुसाए पुरे.

पण लोकांना नेता दिसला नाही तर? यावर मी जी तोड काढली ती अर्थखात्यातल्या कुणाला सुचली नसती. पोस्टर! मधोमध फुसाएचा फोटो, कोपऱ्यात माझा, आणि ठळक अक्षरांत: 'फुसाए म्हणजे मीच! फुसाएला भेटलात, मला भेटलात. फुसाएला हो म्हणालात, मला हो म्हणालात.' हेच माझ्या आवाजात टेप करून गाडीच्या भोंग्यावर लावायचं. दिवसभर.

आरुगाआजोबांचा फोन आला. बाबा रे, नाव हाताने लिहायचं असतं. आमची माणसं साधी. दिवसभर जे कानावर पडेल तेच हातातून उतरेल. हात दाखवून अवलक्षण करू नकोस. मोरोझुमिचंही तेच. दोघांना म्हटलं, अर्थमंत्र्याला निवडणूक शिकवू नका.

११ जानेवारी

दक्षिणेत आहे. इथल्या उमेदवाराने मला बोलावलं नव्हतं, तरी आलो. तो आजारी पडला. मी खिडकीतून पाहिलं, मागच्या दाराने आजारी पडून सायकलवरून गेला.

स्टेशनसमोर भाषण केलं. चांगली गर्दी. मग गाडी आली.

१६ जानेवारी

फुसाएचा फोन. आवाज बसलाय. बर्फ कमरेएवढं, गाडी जात नाही तिथे ती स्लेजवरून जाते. म्हणाली, अहो, दोन दिवस तरी या. लोक विचारतात, हे कुरुमिझावा खरंच आहेत का फुसाएबाईंनी नुसतं नाव ठेवलंय.

हा विनोद मला आवडला. तिला म्हटलं, घसा जप, टेप वाजव. टेप थकत नाही.

२४ जानेवारी

मतदानाला गावी आलो. स्टेशनवर कुणी ओळखलं नाही, मफलरमुळे. मतदान केंद्राबाहेर एक आजी दुसरीला विचारत होती, फु कसा काढायचा गं? दुसरीने बर्फात बोटाने काढून दाखवला. मला बरं वाटलं. प्रचार पोहोचलाय.

फुसाए किती वाळली आहे.

२५ जानेवारी

शाळेच्या व्यायामशाळेत मतमोजणी. स्टोव्ह धुरकट. मी खास खुर्चीवर बसलो.

कारकून एकेक कागद उचलून मोठ्याने वाचत होता. फुसाए. फुसाए. कुरुमिझावा फुसाए. फुसाएबाई. मधूनच एखादा त्सुनेकिचि निघायचा आणि अख्खी शाळा माझ्याकडे वळून बघायची. एका कागदावर होतं, फुसाएबाई, सासूच्या वेळी आलात, विसरलो नाही. दुसऱ्यावर, फुसाए, पण बोगद्याचं काय?

निवडणूक अधिकाऱ्याने सगळे बाजूला काढले. म्हणाला, उमेदवाराच्या नावापुढे साहेब लिहिलं, महाराज लिहिलं तरी चालतं. दुसऱ्या माणसाचं नाव चालत नाही. मत बाद.

मी खुर्चीवर उभा राहिलो. म्हटलं, दुसरा माणूस कुठला? फुसाए म्हणजे मीच! भिंतीवर पोस्टर होतं, ते काढून त्याच्या टेबलावर आपटलं. सही आहे माझी! त्याने पोस्टर अथपासून इतिपर्यंत वाचलं, मग फार अदबीने विचारलं, साहेब, मग अर्ज तुमच्या नावाने का भरला?

बाद मतांचा ढीग मोठा होता. कुणाही उमेदवाराच्या ढिगापेक्षा मोठा. मतदारसंघातल्या चार जागांपैकी शेवटची बोगद्याच्या खोऱ्यातल्या माणसाला मिळाली. मी पडलो. अर्थमंत्री असताना पडलो.

आरुगाआजोबांनी माझा मफलर नीट गुंडाळून दिला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला रडू आलं. स्टोव्हमुळे नाही.

फुसाए दाराशी उभी राहून जाणाऱ्या प्रत्येकाला वाकून माफी मागत होती. माणसं तिला म्हणत होती, बाई, आमचं चुकलं का? आम्ही तर तुम्हालाच दिलं.

२७ जानेवारी

शांतपणे विचार केला. मुळात पडलो असं म्हणता येणार नाही. लोकांनी मला मत दिलं, फक्त पत्ता चुकला.

१८ फेब्रुवारी

आता गावीच राहतो. तोक्योचं घर सोडलं. अर्थखात्यातून माझं सामान आलं: एक उशी, एक पायाखालचं स्टूल, आणि लोणच्याचा दगड, मी नमुन्याला नेला होता तो. कुसाकाबेंची चिठ्ठी: आपला सिद्धान्त अद्याप विचाराधीन आहे. चांगला माणूस.

आज फोन वाजला. पलीकडे इसोगाइदादा! मी उभा राहिलो, गुंड्या लावल्या. मला माहीत होतं, दादा विसरणार नाहीत. उन्हाळ्यात वरिष्ठ सभागृहाची निवडणूक आहे. म्हटलं, दादा, मी तयार आहे. दादा म्हणाले, बरं झालं, बाजूला हो आणि फुसाएबाईंना दे.

मी फोन दिला. ती उभ्याउभ्याच ऐकत होती, हातात लोणच्याचा मुळा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, विचाराधीन आहे.

दादांच्या हसण्याचा आवाज मला पलीकडच्या भिंतीपर्यंत ऐकू आला.

१ मार्च

ती म्हणाली, अहो, मी उभी राहते. गेल्या दहा वर्षांत या खोऱ्यात कुणाच्या घरी काय दुखतं ते मला माहीत आहे. तुमच्यासाठी पाठ केलं होतं, आता वाया कशाला घालवू? तुमची हरकत आहे का?

म्हटलं, हरकत कसली. अनुभवी माणूस पाठीशी हवाच. सेक्रेटरी म्हणून मी. ती म्हणाली, मोरोझुमिला विचारलंय. तो हो म्हणाला. त्याच्या मुलीचं बारसंही झालं होतं म्हणे, फुसाए गेली होती.

एप्रिल

तिने कोट उसवला. पट्टी काढून परत आपल्या किमोनोला जोडली. म्हणाली, प्रचारात मयतं चुकवता येणार नाहीत. कोटाच्या बाहीत आता माझा एक हातसुद्धा जात नाही.

पोस्टरसाठी मी मजकूर सुचवला: 'त्सुनेकिचि म्हणजे मीच!' तिने वाचला, घडी घातली आणि चुलीच्या फळीवर ठेवला.

प्रचारात सर्वांत नाजूक जबाबदारी माझ्यावर टाकली आहे. फोनजवळ बसणे. या कामाचा माझ्याएवढा अनुभव पक्षात कुणाला नाही.

५ जून

मतदान. फुसाए सकाळपासून प्रत्येक वाडीवर. मी एकटाच केंद्रावर गेलो. कोरा कागद, दोरीला बांधलेली पेन्सिल. हाताला सवय असते. एवढंच लिहितो.

६ जून

फुसाए प्रचंड मतांनी आली. लोक अंगणात मावेनात. ताइ मासा आला, लाल फितीसकट. आरुगाआजोबांनी दारुमा आणला आणि ब्रश फुसाएच्या हातात दिला. शाईची वाटी मी धरली. तिने एका दमात डोळा काढला. दारुमा बारा वर्षांनी दोन डोळ्यांनी बघायला लागला, माझ्याकडे नाही.

मंडळी गेल्यावर मोरोझुमि आकडे वाचून दाखवत होता. आमच्या गावात बाद मत फक्त एक. कागदावर सुबक अक्षरांत लिहिलेलं होतं: कुरुमिझावा त्सुनेकिचि. त्याने वर बघितलं नाही. चेहरा सरळ.

मी म्हटलं, गावात अजून निष्ठावंत माणसं आहेत.

फुसाएने माझ्या ताटात ताइचा गालाकडचा तुकडा वाढला, जो मला आवडतो. म्हणाली, असू दे हो. कुणीतरी तुमची आठवण ठेवली.

तो माणूस कोण, याचा शोध घ्यायला मोरोझुमिला सांगणार होतो. पण तो आता तिच्याकडे आहे.